आमची वाटचाल : चीजचा बोर्ड आम्ही यजमानांच्या घरीच लावतो

चीजचा बोर्ड, म्हणजे फळीवर मांडलेलं चीज, फळं आणि ब्रेड, ही घरून भरून टेम्पोने पाठवायची वस्तू नाही, हे आम्ही पहिल्या ऑर्डरपासून सांगत आलो आहोत. ब्री (मऊ फ्रेंच चीज) फ्रीजमधून काढल्यावर तासाभराने कुठे चवीला येते. पुण्याच्या मे महिन्यात तेच वीस-पंचवीस मिनिटांत होतं आणि मग ती वाहायलाच लागते. कापलेलं सफरचंद लिंबूपाण्यातून काढलं तरी किती वेळ तग धरणार? म्हणून सामान वेगवेगळ्या डब्यांतून न्यायचं आणि मांडणी तिथे करायची.

सुरुवात मोठ्या जाऊबाईंनी आणि मी मिळून केली. पहिल्या कमाईतून शिसवी फळ्या करून घेतल्या, त्याही बिनसांध्याच्या, कारण सांध्यात चीज अडकलं की वास जात नाही. मऊ चीजला भोकांची सुरी (पात्याला कमी चिकटतं), गौडा या घट्टसर डच चीजला तारेचा कटर, आणि ब्लू (निळ्या बुरशीच्या) चीजची सुरी कायम वेगळी. फळी पाण्यात भिजत टाकू नका. मीठ-लिंबाने घासा, उभी करून वाळवा. घरातलं गोडं तेल तर लावूच नका, खवट होतं.

कॅम्पातल्या एका पारशी आंटींनी घरच्या नवजोतीचं (पारशी मुलांच्या दीक्षाविधीचं) काम आम्हाला दिलं, तेव्हा आम्हाला कोणी ओळखतही नव्हतं. बोर्डावर टोपली पनीर हवंच, हा त्यांचा हट्ट. निवळीत तरंगणारं, टोपलीची नक्षी उमटलेलं ते पनीर आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकलो. “दीकरी, आधी खाऊन बघ, मग मांड,” असं म्हणायच्या. आजही कापलेल्या प्रत्येक चीजचा पहिला तुकडा जाऊबाई खातात.

आता त्या माणसाबद्दल. नाव घेत नाही, पण धंद्यातले ओळखतील. आमच्याच एका कार्यात तो डेकोरेशनला होता. आमच्या बोर्डांचे फोटो त्याने काढले आणि ऐन लग्नसराईत तेच फोटो दाखवून निम्म्या दरात तयार ताटं पाठवायला लागला. आत काय? प्रोसेस्ड चीजचे चौकोन. त्यात इमल्सिफायरचे (चरबी आणि पाणी एकजीव ठेवणारे) क्षार असतात, ते पिकत नाही, थंड खा नाहीतर कोमट, चव तीच. वर द्राक्षांचे अख्खे घड, पाहुण्याने एका हाताने तोडायचे कसे? आणि लोकांचे तक्रारीचे फोन कोणाला? आम्हाला! फोटो आमचे होते ना.

त्या हंगामात आमची कामं एकामागून एक गळली. ब्री आणि तिच्यासारख्याच मऊ कॅमेम्बेरचा माल आगाऊ पैसे भरून मागवलेला, तारखा जवळ आलेल्या. फ्रीजरमध्ये टाकला असता तर पोत गेला असता. जाऊबाईंनी बांगड्या गहाण ठेवल्या. आंटींनी मात्र न विचारता माल उचलला आणि आपल्या कॉलनीत घरोघरी खपवला. हे उपकार फिटायचे नाहीत.

मग त्या माणसाने एका जैन कुटुंबाच्या साखरपुड्याला ताट पाठवलं, त्यावर अंजीर आणि मध! कडक पाळणाऱ्यांना दोन्ही वर्ज्य. चीजसाठी दूध साकळवणारं रेनेट कुठलं, वासराच्या जठरातलं की मायक्रोबियल, याचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याच घरून पुढे लग्नाचं काम आमच्याकडे आलं आणि त्यांच्या नात्यातली कामंही. आमच्याकडे प्रत्येक चीजचं लेबल फाइलला लावलेलं असतं. परमेसान आम्ही शाकाहारी घरी नेत नाही, मूळ इटालियन कृतीत वासराचंच रेनेट असतं.

नंतरची वर्षं चांगली गेली.

घरी स्वतः करणार असाल तर जेवणाआधी माणशी पन्नास-साठ ग्रॅम चीज पुरे, नुसता बोर्डच असेल तर शंभर. एक मऊ, एक कडक, एक तिखट वासाचं, बस. द्राक्षांचे कात्रीने चार-पाच मण्यांचे झुबके करा. ब्रेड सगळ्यात शेवटी कापा. ब्रीवरचा पांढरा पापुद्रा बुरशीचाच असतो, पण तो खायचा असतो, सोलू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी धुऊन ठेवू नका, मांडायच्या आधी धुवा. पुरंदरचं अंजीर हवं असेल तर आम्हाला दोन दिवस आधी सांगा. ते आम्ही सासवडहून त्याच सकाळी आणतो, आदल्या दिवशीचं वापरत नाही.