ला बोकातले जहाजी रंग

मी मालवाहू जहाजावर बोसन आहे. डेकवरचा गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा हात मारायचा, वर रंग चढवायचा, ही सगळी कामं माझ्या देखरेखीखाली चालतात. ब्युनोस आयर्सला शोअर लीव्ह मिळाली तेव्हा साताऱ्याच्या आमच्या कॅडेटला घेऊन थेट ला बोका गाठलं.

रिआचुएलो नदीच्या मुखाशी वसलेली ही गोदी कामगारांची वस्ती. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या जिनोव्हा बंदराकडून आलेले खलाशी, हमाल, जहाजं बांधणारे कारागीर इथे स्थिरावले. लाकडी सांगाड्यावर ठोकलेले पन्हळी पत्रे, मधे चौक, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. अशा घराला तिथे कॉन्वेंतिशो म्हणतात. लालबागच्या चाळीत वाढलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. गोदीत जहाज रंगवून उरलेले डबे घरी यायचे. एका डब्यात भिंत पुरी झाली नाही की खिडकीला दुसरा रंग, दाराला तिसरा. तिथले लोक असं सांगतात आणि मला ते मनापासून पटतं. नदीकाठच्या दमट हवेत पत्रा टिकवायचा तर जहाजाचाच रंग हवा. फुटपाथ कमरेएवढे उंच दिसले, तेही पुरापायी. आग्नेयेचा वारा नदीचं पाणी वस्तीत लोटायचा.

कॅडेट कामिनितोच्या गल्लीत रमला. "बोसनसाब, इथेच थांबूया ना!" गल्ली देखणीच आहे. पण मला घाई होती ती नदीकाठच्या संग्रहालयाची.

कामिनितोला 1959 मध्ये रस्त्यावरचं संग्रहालय म्हणून रूप आलं, ते चित्रकार बेनितो किंकेला मार्तिन यांच्या ध्यासातून. 1890 मध्ये तान्हेपणीच अनाथालयात सोडलेलं हे मूल एका कोळसेवाल्याच्या घरी वाढलं. पोरवयातच त्यांनी बंदरावर कोळशाची पोती वाहिली. पुढे चित्रांना जगभर मान मिळाला, तेव्हा त्यांनी वस्तीला जागा दिली. 1936 मध्ये तिथे शाळा सुरू झाली, मग तिच्याच इमारतीत संग्रहालय.

त्यांच्या चित्रांपुढे मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. अरुंद फळीवरून पोतं घेऊन चढणारे हमाल, मागे धूर, खाली रंगांनी पेटलेलं पाणी. वजन घेऊन फळीवर चढताना माणूस गुडघा कसा धरतो, मान कुठे वळवतो, हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच असं काढता येतं. दुसऱ्या दालनात जुन्या जहाजांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, लाकडी मूर्ती आहेत. कॅडेटने आधी कधीच पाहिल्या नव्हत्या; तिथे मात्र तोच मला हलू देईना.

बाहेर 1914 चा लोखंडी पूल आहे. वरच्या तुळईला टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या घेऊन नदीपार जायचा. 1960 मध्ये तो बंद पडला आणि 2017 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालला. रिव्हेटांच्या रांगा मी बोटाने दाखवत गेलो. एवढं जुनं लोखंड कुणीतरी निगुतीने खरवडून रंगवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

भूक लागली तेव्हा पिझ्झ्यावर फाइना ठेवून खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचा हा प्रकारही जिनोव्हाकरांनीच आणलेला. कॅडेटने आणखी एक मागवला, खाता खाता मूर्तींची लाकडं कुठली असतील हे विचारत राहिला. संध्याकाळच्या वॉचआधी जहाजावर पोचायचं होतं, म्हणून उरलेला फाइना कागदात गुंडाळून आम्ही बस पकडली.