तुम्ही विचारलंत म्हणून: किती ग्रॅम हिरवा?

मी रेझिनची पेनं बनवते, म्हणजे पातळ रेझिनमध्ये रंग घालून साच्यात ओतायचं, कडक झालं की लेथवर कातायचं. ठाण्याच्या गावदेवी मैदानावरच्या मागच्या प्रदर्शनात मी मुद्दाम मोजलं. तीन दिवसांत 17 जणांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, प्रमाण काय घेता?" म्हणजे किती रेझिनला किती ग्रॅम कुठला रंग. पेन उचलतात, उजेडात फिरवून बघतात, परत ठेवतात, किंमत विचारत नाहीत, प्रमाण विचारतात. आणि मी "अंदाजाने हो" म्हटलं की चेहऱ्यावर लगेच येतं, बाई लपवतेय. एक काकू तर म्हणाल्या, अहो लोक लोणच्याचंसुद्धा सांगतात.

तर घ्या. 100 ग्रॅम एपॉक्सीला (माझं रेझिन ते हेच) साधारण एक ग्रॅम मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची चमकती पूड, गडद हवं तर दोन. पेस्टचा रंग असेल तर थेंबाथेंबाने. वजनकाटा दोन दशांशवाला. झालं, हेच प्रमाण, वागळे इस्टेटमधल्या माझ्या अर्ध्या गाळ्यात वहीची सात पानं ह्याने भरलीयत आणि ह्यातल्या एकाही पानाने माझं पेन वाचवलेलं नाही.

कारण कपात दिसतो तो रंग पेनात नसतो. कपात तीन इंच खोल रेझिन असतं, पेन लेथवर उतरलं की नळीची भिंत राहते जेमतेम दोन मिलिमीटर, तेवढ्याशा जाडीत निम्मे रंग आरपार दिसायला लागतात. किटचं, म्हणजे तयार सुट्या भागांचं पेन असेल तर आतली पितळी नळी डोकावते, थेट नळीत ड्रॉपरने शाई भरायचं असेल तर शाई डोकावते, म्हणजे तुम्ही केलेला सुंदर पोपटी गिऱ्हाईकाने निळी शाई भरली की दुसऱ्याच कुळातला होतो. आणि दोन रंगांच्या लहरी हव्या असतील तर प्रमाण राहिलं बाजूला, सगळा खेळ ओतायच्या वेळेचा. रेझिन एकतारी पाकासारखं असताना ओतलंत तर रंग साच्यात रात्रभर एकमेकांत शिरत राहतात, दोनतारीला आलं की ओळी टिकतात, त्यापुढे गेलं की गुठळ्या. फ्लेमिंगो सुरू झाले की दरवर्षी कोणीतरी गुलाबी आणि खारफुटीचा हिरवा एकत्र मागतंच. रंगचक्रात समोरासमोरचे रंग ते, मिसळले की मातकट. घाई केलीत तर सकाळी साच्यातून पक्षी निघत नाही, ओहोटीची ठाण्याची खाडी निघते.

हे सगळं मी प्रदर्शनात उभ्याउभ्या सांगू शकते, सांगतेही. पण "हुबेहूब जुळवून देता का?" असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. माझ्या पाटीवर आधी लिहिलेलं असायचं, कुठलाही रंग जुळवून मिळेल. ती पाटी काढली त्याचं कारण नाना.

नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, नौपाड्यात राहतात, वय 82. त्यांचं एक एबोनाइटचं पेन होतं, हिरव्या-काळ्या लहरींचं, ड्रॉपरवालं, 1978 सालापासून खिशाला. नळीला आट्यांपाशी चीर गेली आणि शाई बोटांना लागायला लागली. मला बोलावून म्हणाले, "अगं, नळी तेवढी करून दे. टोपण चांगलंय, टोपणाला जुळली पाहिजे." मी म्हटलं, त्यात काय नाना, आठ दिवसांत देते.

आठ दिवस म्हणे! पहिल्या सहा ब्लँक, म्हणजे ज्यातून नळी कातायची ते ओतलेले दांडे, फुकट गेल्या. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उजेडाने आणि ओलाव्याने त्याचा वरचा थर हळूहळू तपकिरी पडतो. नानांच्या टोपणाचा हिरवा हा हिरवा राहिलाच नव्हता, शेवाळलेल्या भिंतीवर पावसाळ्यानंतर राहतो तसा काहीतरी होता. पहिल्या दोनदा मायका वापरली ती चूकच, मायका चमकते आणि एबोनाइट चमकत नाही. मग पेस्ट. हिरवा जिवंत वाटतोय म्हणून चिमूटभर काळा टाकला तर मेलाच. रात्री गाळ्यातल्या एलईडीखाली जुळलेला सकाळी घरच्या बाल्कनीत धरला तर निळसर. पॉलिश करायच्या आधी जुळलेला पॉलिश केल्यावर दोन शेड खोल. (कोरड्या ब्लँकवर ओलं बोट फिरवून बघावं, पॉलिशचा रंग कळतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. घाई.)

मग मला वाटलं, मी जुळवतेय ते चुकीच्या गोष्टीला. हा रंग थोडाच आहे, ही तर झीज आहे, खरा रंग आत असणार. तडकलेली जुनी नळी तशीही टाकायचीच होती, तिच्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. जळक्या रबराचा आणि गंधकाचा वास आला आणि खालून असा हिरवा निघाला की मी गाळ्यात एकटीच "अहाहा" म्हटलं. त्याच्या शेजारी काळा, नुसता कुळकुळीत. सातवी ब्लँक ह्या रंगाला एका फटक्यात जुळली, हवेच्या दाबाने बुडबुडे दाबून टाकणाऱ्या प्रेशर पॉटमध्ये 50 पीएसआयला ठेवली, एक बुडबुडा नाही. नळी उतरवली, आटे पाडले, टोपण लावलं. खाली नवं कोरं, वर जुनं, एखाद्या म्हाताऱ्याला नवी पँट घातल्यासारखं.

इथे थांबायला हवं होतं. मी टोपण घेतलं आणि पेपर मारला. 400, 800, 2000, मग त्याहून बारीक मायक्रोमेश, मग पॉलिश. दोन तास. शेवटी टोपण आणि नळी एकाच दांड्यातून कापल्यासारखी झाली. माझ्या हातून इतकं तंतोतंत काम आधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

नानांनी पेन घेतलं, फिरवलं. क्लिपच्या बाजूला त्यांच्या अंगठ्याने झिजलेली एक फिकट जागा होती, अंगठा तिथे गेला आणि तिथेच फिरत राहिला. मग म्हणाले, "छान झालंय. कुणाचंय?"

थट्टा होती का खरंच विचारलं, मला आजही कळलेलं नाही. आतून नानांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, अहो तुमचंच की. ते म्हणाले, "हो का?" आणि चहा आला.

आता माझी बाजू. त्यांनी जुळवून मागितलं होतं, मी जुळवलं. कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा, जुनं पेन घासून पॉलिश करणं ही सर्रास गोष्ट आहे, लोक पैसे देऊन करून घेतात. आणि "टोपणाला हात लावू नकोस" असं कोणी म्हटलं नव्हतं. हे सगळं मी नवऱ्याला तीनदा ऐकवलं, तो तिन्ही वेळा फक्त हं म्हणाला. चौथ्यांदा ऐकवायला गेले तेव्हा माझं मलाच ऐकू आलं, नळी टोपणाला जुळव म्हणाले होते, टोपण नळीला नाही. मला रंग जुळत नव्हता, म्हणून मी ज्याला जुळवायचं तेच बदललं. पण मग मी असंही म्हणते की सहा वेळा हरलेल्या माणसाने करायचं काय? परत देऊन टाकायचं, जमत नाही म्हणून? कदाचित हो. पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर टोपणाच्या जुन्या फोटोवरून आठवी ब्लँक केली, कोणी सांगितली नव्हती. हिरव्यात काळा न घालता काडीच्या टोकावर मावेल एवढा लाल घातला. हिरवा मारायचा नसेल, नुसता थकवायचा असेल तर लाल, हे मला आठव्या वेळी सुचलं. जुळला. वहीत आकडे आहेत, कोणाला हवे तर देईन, पण जुळायला ते टोपण आता कुठे आहे? आणि फोटोला जुळला म्हणजे जुळला का, तेही मला नक्की सांगता येत नाही, आधीच सांगितलं ना एलईडीचं आणि बाल्कनीचं.

नाना पेन वापरतात, म्हणजे मी त्यांच्याकडे गेले की खिशाला असतं. दिवाळीत धीर करून विचारलं, नाना, राग आहे का? म्हणाले, "राग कसला? टोपण खिडकीत ठेवलंय उन्हात. पडेल तपकिरी परत, अजून चाळीसेक वर्षांत."

मी हसले. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की ते टोपण तपकिरी पडेल खरं, पण माझी नळी एपॉक्सीची. ती तपकिरी नाही पडणार, पिवळी पडेल.