धुऱ्यावर पडलेलं बी

आमच्या गावच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की मागच्या पडवीत लहानग्यांची शब्बाथ शाळा भरते. पहिली-दुसरीची पोरं, त्यांना चिकटून आलेली बालवाडीतली भावंडं आणि मी. आठवडाभर ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बालभारती वाचतात, इथं बायबल.

क्रम जुन्या पाळकसाहेबांनी लावून दिलेला. ते यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत शिकले, ती संस्था १९८३ साली पुण्याला जायच्या आधी. जूनमध्ये उत्पत्ती, बायबलचं पहिलं पुस्तक: पहिल्या दिवशी उजेड, तिसऱ्या दिवशी झाडं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र. एक तरी पोरगं विचारतंच, सूर्याआधी उजेड आला कुठून? मोठ्यांच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. मग नोहा, योसेफ, मोशे. डिसेंबरात गोठ्यातला जन्म, उन्हाळ्याच्या तोंडावर क्रूस आणि पुनरुत्थान. मधेमधे येशूचे दाखले, म्हणजे त्यानं सांगितलेल्या बोधकथा.

त्यात माझा आवडता पेरणाऱ्याचा. थोडं बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. खडकाळीवरचं उगवून करपतं, काट्यांतलं घुसमटतं, चांगल्या जमिनीतलं तीसपट, साठपट, शंभरपट येतं. शिक्षकांच्या पुस्तकात लिहिलंय, मुलांना विचारा, तुमचं मन कोणती जमीन? आमची पोरं तिथवर जातच नाहीत. "ताई, हा कास्तकार येडा हाय का? धुऱ्यावर बी फेकून रायला!" धुरा म्हणजे शेताचा बांध. पावणेपाचशे ग्रॅमची सरकीची पिशवी नऊशेच्या आसपास, आई वाकून वाकून एकेक बी टोबते, तर हा माणूस येडाच वाटणार. तेव्हा तिकडे गहू-जव मुठीनं फेकून पेरायचे, हे सांगावं लागतं. करपलेल्या बियाचं मात्र काही सांगावं लागत नाही. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणीची वेळ येते, घरात आवाज चढतात. सात वर्षांच्या पोराला ते ठाऊक असतं. मनाच्या जमिनीचा प्रश्न मी सोडूनच देते. पेरणारा हात आखडत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

गोफणीच्या दगडानं धिप्पाड गल्याथला पाडणारा दावीद मात्र अवघड होत चाललाय. आम्ही ज्वारीत माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायचो. आता सगळीकडे कपाशी, तूर, सोयाबीन. चित्र काढा म्हटलं की दावीदाच्या हातात गुलेर, रबरी बेचकी, येते! शेवटी एकाच्या आजोबांना बोलावलं. त्यांनी पटांगणात गोफण गरगरा फिरवून दगड सोडला, तो थेट नाल्यापलीकडे. गल्याथ राहिला बाजूला, प्रत्येकाला गोफण हवी.

पाठांतराचं मला फारसं कौतुक नाही. नाताळच्या कार्यक्रमात देवाला मेंढपाळ म्हणणारं तेविसावं स्तोत्र घडाघड म्हणायचं, कंपास मिळवायची, विसरून जायचं. पण "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" या ओळीवर पोरं रेंगाळतात. उन्हाळ्यात वावरात मेंढरं बसवायला धनगर येतात, आकडीनं बाभळीच्या फांद्या ओढून शेंगा पाडतात, ते त्यांनी पाहिलेलं असतं. तिथं अर्थ सांगायला मी लागतच नाही.

येत्या रविवारी दहा आज्ञा. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नको असं आहे. नुकताच पोळा झालाय, पण वर्गातल्या निम्म्या घरांत बैलच उरले नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर येतो. मग लोभ सुटतो तरी कशाचा, ते त्यांनाच विचारणार आहे. यादीत मोबाईल पहिला येणार, यात शंका नाही.