फुलं गळल्यानंतर ऑर्किड वाचवलं, माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला कोणीतरी जांभळं फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) दिलं होतं. फोंड्याला आमच्या हॉलमध्ये अडीच महिने फुलं टिकली, मग एकेक गळत शेवटी नुसती दांडी आणि चार पानं राहिली. सासूबाई म्हणाल्या, मेलं गं ते, माडाच्या आळ्यात टाक. पण पानं हिरवीगार होती, माझं मन होईना. दांडी सुकून तपकिरी झाली होती म्हणून बुडापासून कापली (हिरवी असती तर खालच्या दोन गाठी ठेवून वर कापायची, कधीकधी तिथूनच परत फुटते).

खरी चूक पुढे झाली. जूनमध्ये पाऊस लागला आणि मी नेहमीसारखं दोन दिवसाआड पाणी घालत राहिले, त्यात ते झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत आणि ती कुंडी बिनभोकाच्या चिनीमातीच्या भांड्यात, पाणी तळाशी साचून राहायचं ते मला कळलंच नाही. पानं पिवळी पडली तेव्हा उपसून बघितलं तर बहुतेक मुळं काळपट, दाबली की पिचपिचीत. चांगलं मूळ टणक असतं, सुकं असताना चंदेरी आणि भिजलं की हिरवं, तशी मला तीनच मिळाली. खूप वाईट वाटलं.

मग कात्री गॅसवर तापवून सडकी मुळं सगळी कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, उरलेल्या चांगल्या मुळांवर लावू नका हां, ती पूड मुळं सुकवते. सोडणाचे (नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचे) तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजवले कारण त्यात मीठ असतं, त्यात लाकडी कोळसा मिसळला, आणि भोकांची कुंडी घेतली. माती अजिबात नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरीच्या रानात सीतेची वेणी (रानटी ऑर्किड) बघा, झाडाच्या सालीला धरून असते, मुळं उघडी, पावसात भिजतात आणि वाऱ्याने सुकतात. फॅलेनॉप्सिसची मुळंही तशीच, त्यांना हवा लागते.

पुढे पाणी सकाळीच, ते पण तुकडे सुकत आले की, पानांच्या मधोमध साचू द्यायचं नाही. पावसात आठ दहा दिवसांनी एकदा पुरलं. नवीन पान यायला चार महिने गेले.

फुलांसाठी त्याला गार रात्री लागतात, पहिल्या थंडीत जीव नव्हता त्यात, दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये पूर्वेच्या खिडकीत ठेवून रात्री खिडकी उघडी ठेवली. जानेवारीत पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं निघालं, मूळ असेल वाटलं, पण मुळाचं टोक गोल असतं आणि ह्याचं चपटं, हातमोज्यासारखं. दांडीच होती! आता सात कळ्या आहेत.

आणि हो, तुमच्याकडे डेंड्रोबियम (ऑर्किडचा दुसरा प्रकार) असेल तर फुलं गेल्यावर जुने दांडे, म्हणजे त्याची जाड खोडं, कापू नका, पानं झडली तरी, त्यात झाडाने अन्नपाणी साठवलेलं असतं आणि बऱ्याचदा त्याच दांड्यांवर परत फुलं येतात. शेजारच्या वहिनींनी साफसफाई म्हणून सगळे कापले, मला आधी कळलं असतं तर थांबवलं असतं.