डूम, फेट आणि आमच्या बाई

आमच्या इंग्रजीच्या बाई समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू देत नसत. गाइडात ‘फेट, डेस्टिनी, डूम, लॉट : नशीब’ अशी एक ओळ होती. ती बाईंच्या नजरेला पडली आणि व्याकरणाचा धडा बाजूलाच राहिला. ‘एका रांगेत उभे केले म्हणून सख्खे भाऊ होत नाहीत. कोण कोणाबरोबर हिंडतो ते बघा,’ म्हणाल्या.

फळ्यावर त्यांनी दोन अर्धी वाक्यं लिहिली. एक ‘डेस्टिन्ड टु’ने संपणारं, दुसरं ‘डूम्ड टु’ने. पुढचं आम्ही भरायचं. पहिल्यापुढे मुलांनी राजा होणं, नाव कमावणं असलं काय काय लिहिलं. दुसऱ्यापुढे हरणं, बुडणं, मरणं. मागच्या बाकावरच्या एकाने मुद्दाम ‘डूम्ड टु सक्सीड’ केलं आणि वर्ग खो खो हसला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘हसलात ना? मग समजलं तुम्हाला.’

‘डूम’ म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसता निवाडा. बरा-वाईट कसलाही. विल्यम राजाच्या हुकमावरून १०८६ साली इंग्लंडातल्या जमीनजुमल्याची मोजदाद झाली. त्या दप्तरातल्या नोंदीवर दाद मागायची सोय नव्हती, म्हणून लोक त्याला ‘डूम्सडे बुक’, म्हणजे अखेरच्या निवाड्याचं बुक, म्हणू लागले. निवाडा बहुधा विरुद्धच जायचा असावा. शब्दाला काळी कळा आली ती कायमची. (हा तर्क माझा.) ‘फेट’ लॅटिनमधला, मूळ अर्थ ‘बोललं गेलेलं’. आपल्याकडे मात्र दैव लिहिलेलं असतं, विधिलिखित, ललाटलेख. ‘लॉट’ ही सरळ सरळ चिठ्ठी, लॉटरी तिथलीच. आणि ‘वीअर्ड’! शेक्सपिअरच्या मॅकबेथमधल्या तीन चेटकिणी ‘वीअर्ड सिस्टर्स’ आहेत त्या विचित्र दिसतात म्हणून नव्हे, त्या भवितव्य जाणतात म्हणून. विचित्र हा अर्थ मागाहून चिकटला.

पुढे मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर लागलो, आणि बाईंचा तो तास रोज कामाला येऊ लागला. एजन्सीच्या बातमीत ‘फेटल’ आलं की त्यात दैवाचा काही संबंध नसतो. माणूस दगावला, एवढंच. संगणकसुद्धा ‘फेटल एरर’ म्हणतो. ‘फेटफुल’ निराळं: ज्या दिवसाने पुढचं सगळं बदललं तो दिवस. कोणी मेलंच पाहिजे असं नाही. नवी मुलं दोन्हींना ‘दुर्दैवी’ लावून मोकळी होतात. विधेयकाचं ‘फेट’ म्हणजे ते मंजूर होतं की बारगळतं, इतकंच. तिथे ‘भवितव्य’ चालतं. पण त्या शब्दाचाही आपण फार छळ मांडलाय. दर निवडणुकीला उमेदवारांचं भवितव्य मतदानयंत्रात बंद होतंच. पूर्वी पेटीत व्हायचं.

‘प्रीडिटर्मिन्ड’ तर अगदी कोरडा शब्द. आधी ठरवलेली वेळ, आधी ठरवलेली रक्कम, ठरवणारी माणसंच. ‘प्रीडेस्टिनेशन’ दिसायला त्याचा जुळा, पण घर चर्चमधलं. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, हा ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या नावाशी जोडला गेलेला विचार. या दोघांची गल्लत झालेला अनुवाद माझ्या टेबलावर आला होता. मालाचा भाव ‘ईश्वराने पूर्वनियोजित’ केला होता!

बाईंशी माझा एक वाद मात्र मिटला नाही. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री नेहरू घटना समितीत बोलले, त्यातला ‘ट्रिस्ट विथ डेस्टिनी’ मराठीत ‘नियतीशी करार’ म्हणून रुळलाय. नेहरूंनी ‘फेट’ का म्हटलं नाही, हे आम्हाला कळत होतं. फेट येतं तसं सोसायचं, डेस्टिनीकडे माणूस चालत जातो. बाईंचा आक्षेप ‘करारा’वर. करार कचेरीत होतो, ट्रिस्ट म्हणजे दोघांनी ठरवून भेटणं, आणि त्याला मराठीत ‘संकेत’ हा अस्सल शब्द असताना करार कशाला? मी पुढे त्यांना म्हणालो, बाई, ‘संकेतस्थळ’ म्हटलं की आता लोक वेबसाइट उघडतात, मथळ्यात कसं बसवू? त्यांनी ऐकून घेतलं नाही. आमच्या डेस्कवर अजून ‘करार’च छापला जातो.