आमची वाटचाल : वाख, पीळ आणि आमचं दुकान

उदगीरच्या आसपास कुणी अंबाडीचा कासरा, म्हणजे बैल धरायचा दोर, शोधत आलं, तर आजही लोक त्याला आमच्याच दुकानाकडे पाठवतात. नायलॉनची भेंडोळी किलोवर विकणारे चौकाचौकात आहेत. वाख, म्हणजे अंबाडीची काडी पाण्यात कुजवून सोललेले धागे, विंचरून, पेड काढून, हाताने पीळ भरलेला दोर देणारं दुकान मात्र या पट्ट्यात आता आमचंच, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

दोर वळणं हे आमच्या मातंग समाजाचं पिढीजात काम. आजोबा गावाला मोटेचा नाडा, सोल, कासरे, दावी, म्होरक्या, शिंकी पुरवायचे. मोबदला सुगीला, खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. वडिलांनी ते थांबवलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून चार पैसे गाठीला लागले होते, त्यातून त्यांनी बाजारपेठेत पत्र्याची टपरी घातली आणि सांगून टाकलं, खळ्यावर येणार नाही, दोर हवा असेल त्यानं दुकानात यावं आणि रोख मोजावेत. गावाला हे पचायला वेळ लागला. काहींनी तर शेजारच्या गावाहून दोर आणायला सुरुवात केली. माल चांगला होता म्हणून परत आले.

माल चांगला होता याचं निम्मं श्रेय चाचांचं. चाचा म्हणजे वडिलांचे भागीदार. मूळचे पिंजारी, कापूस पिंजणारे, पण वाखातली त्यांची जाण दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. खेड्याखेड्यांतून वाख तेच गोळा करायचे. पेंडी हातात घेऊन आधी वास घ्यायचे, मग एक पदर नखाने सोलून झटका द्यायचे. तुटण्याचा आवाज ऐकूनच काडी जास्त कुजली की कमी, ते सांगायचे. अंबाडी फुलोऱ्यात असताना कापली तर वाख मऊ आणि चिवट निघतो. बोंडं पक्की होईपर्यंत ठेवली तर बी मिळतं, पण वाख राठ होतो. शेतकऱ्याला दोन्ही हवं असायचं. चाचा दोन भाव ठेवायचे आणि त्यावर वाद घालायचे नाहीत. काडीचा बुंधा जाड, शेंडा कोवळा, म्हणून पेंड्या आधी एक-दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभ्या करायच्या आणि मग आडव्या बुडवायच्या, हे त्यांनी कितीतरी गावांना शिकवलं. तसं केलं की बुंधा आणि शेंडा बरोबरीने कुजतात.

दोर वळायचं आमचं चाक अजून तेच आहे. बाभळीचं, गावच्या सुताराने घडवलेलं, पेड अडकवायला तीन आकडे (हुक) असलेलं. तिन्ही पेडांना पीळ बसला की तीन खाचांचं लाकूड मध्ये धरून ते पुढे सरकवत न्यायचं. मागे दोर बनत येतो. हे लाकूड धरणाऱ्याच्या मनगटावर सगळं अवलंबून असतं. ढिलं धरलं तर दोर फुगतो, ओढून धरलं तर पेड चिरतात. वापरून वापरून त्या खाचा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. विजेवर चालणारं यंत्र घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या सुतळीसाठी घेतलंही, पण कासरा त्यावर करत नाही.

धंद्याला ओहोटी लागली ती काही एका वर्षात नाही. विहिरींवर विजेचे पंप आले तेव्हा मोटेचा नाडा गेला. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले, आणि बैलाबरोबर कासरा, येसण, दावं, मुसकं. पूर्वी ज्वारीत, तुरीत, कापसात चार तासं (ओळी) अंबाडीची असायचीच. पाल्याची भाजी, बी, वाख, चुलीला सणकाड्या, म्हणजे वाख काढून उरलेल्या काड्या. नव्वदच्या दशकापासून आमच्याकडे सोयाबीन पसरलं. सलग सोयाबीन, वर तणनाशकाची फवारणी. त्यात अंबाडीला जागा कुठली? मग आम्ही आंध्रातल्या विजयनगरम, श्रीकाकुळम भागातून वाख मागवू लागलो. तिथे तिला मेस्ता म्हणतात. फाळणीत तागाची बहुतेक शेतं पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कोलकात्याला राहिल्या, तेव्हा देशाची गरज भागवायला या अंबाडीचा तिकडे मोठा आधार झाला होता. पुढे तिथलाही पेरा घटत गेला. सरकारने १९८७ साली तागाच्या गोण्यांसाठी कायदा केला, साखर-धान्याला त्या सक्तीच्या केल्या. त्याने गिरण्या जगल्या. कासरा वळणाऱ्याच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो.

खरी कसोटी २०१२ नंतर लागली. पावसाने सारखी ओढ दिली. अंबाडी कुजवायला साठलेलं पाणी लागतं आणि तळी कोरडी. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. तिथे काड्या बुडवायला पाणी मागायचं कोणत्या तोंडाने? लोकांनी जनावरं विकली. बाहेरून आणलेला वाख महाग पडायचा आणि घ्यायला गिऱ्हाईक नाही. वळणारे आमचे जुने कारागीर पुण्याला बांधकामावर गेले.

नेमक्या त्याच काळात समोरच्या गाळ्यात एका व्यापाऱ्याने नायलॉनचं दुकान थाटलं. नायलॉनशी माझं वैर नाही. विहिरीत मोटार सोडायला मीही नायलॉनच घ्या म्हणतो. तो भिजून कुजत नाही, स्वस्तही पडतो. पण पोळ्याच्या तोंडावर या गृहस्थाने कासरे काढले ते आत प्लॅस्टिकची दोरी आणि वरून तागाचा वेढा. विकताना सांगायचा, अंबाडीचाच आहे, समोरच्यांचाच माल, मी निम्म्या भावात देतो. महिनाभरात वरचा वेढा झिजायचा, आतल्या प्लॅस्टिकने बैलाची कातडी सोलायची आणि शेतकरी भांडायला आमच्या दारात यायचे. भर बाजारात आमच्या नावाने शिव्या. मी व्यापाऱ्यांच्या बैठकीत तक्रार मांडली. ‘दोराचं काय एवढं घेऊन बसलात,’ म्हणून विषय बाजूला सारला गेला. त्या बैठकीतली एकही व्यक्ती मी विसरलेलो नाही.

त्या वेळी दुकान वाचलं ते एका गिऱ्हाइकामुळे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. देवणी जातीचे बैल पाळणारे, वडिलांच्या टपरीपासूनचे. बैलाच्या अंगाला नायलॉन लावणार नाही असा त्यांचा हट्ट. अंबाडी घाम शोषते, गाठ सरकत नाही, ओढ बसली तरी हात भाजत नाही. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी दोन्ही कासऱ्यांचे तुकडे घेतले आणि सगळ्यांसमोर काडी लावली. आमचा कागदासारखा जळून राख झाला. दुसऱ्याचा आतला भाग वितळून थेंब थेंब गळाला आणि गार होऊन मणी बनला. पुढे काही सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी दाजींनी पुढच्या पोळ्याच्या मालाची आगाऊ उचल माझ्या हातात ठेवली. मी नको म्हणालो तर म्हणाले, ‘तुझ्या बापाला विचारून ठेवतोय असं समज.’ तुम्हीही दोर घेताना हे करून बघा. टोकाचा एक धागा जाळा. दुकानदार चिडला तर समजून घ्या काय ते. आणि नवा कासरा आणल्याबरोबर बैलाला बांधू नका. रात्रभर भिजवून, दोन खुंटांना ताणून वाळवा. मग त्याला आढी, म्हणजे वेडा पीळ, पडत नाही.

आता बैलांचं गिऱ्हाईक थोडं आहे, तरी पोळ्याला आणि माळेगावच्या यात्रेला माल कमी पडतो. बाकी मागणी शहरातून येते: रोपवाटिकांना कुंड्या टांगायच्या जाळ्या, हॉटेलांना दिव्यांचे दोर, मांजरांना नखं घासायच्या खांबांवर गुंडाळायला घायपाताची दोरी. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर काही महिने सुतळीला एवढी झुंबड उडाली की आम्हाला पुरवठा झेपेना. बंदी ढिली पडली तशी ती ओसरली.

गेल्या काही हंगामांपासून आम्ही शेतकऱ्यांना अंबाडीचं बी देतो. सलग पेरा म्हणत नाही. बांधाच्या कडेने, फवारा पोचणार नाही अशा जागी दोन तासं टाका. पाला घरी खा, काडी फुलोऱ्यात कापा, आणि पाण्यात बुडवताना पेंड्यांवर दगड ठेवा, मातीची ढेकळं नकोत. ढेकळांनी वाख काळा पडतो आणि मग भाव उतरवावा लागतो. वाळलेला वाख आम्ही शेतावर येऊन उचलतो. पैसे जागेवर, रोख.