तुम्ही विचारलंत म्हणून: आकड्यांना नावं कशाला?

"सर, डॉलर लावला की कॉलम हातात येतोय की. मग सेटनेम्स कशाला लावत बसता?" बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या आरच्या (आकडेवारीची संगणकभाषा) क्लासला दर बॅच हे विचारते. एकदाचं लिहूनच टाकतो.

डॉलरच्या चिन्हानं टेबलातला कॉलम उचलला की नुसते आकडे येतात. पाऊस कुठल्या तालुक्याचा, ते टेबलातच राहतं. आकड्यांना नावं चिकटवणाऱ्या सेटनेम्सला आधी आकडे आणि मग नावं दिली की 'खानापूर' म्हटल्यावर खानापूरचाच आकडा मिळतो. डीप्लायर या आरच्या पॅकेजातल्या, कॉलम काढून देणाऱ्या पुललाही २०२० पासून नावांचा कॉलम सांगता येतो. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. हट्टाचं कारण वेगळंच आहे.

२०२० च्या आधीची गोष्ट. दहा तालुक्यांच्या सरासरी पावसाचा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची रांग, केला होता, व्यवस्थित नावं लावून. दुसरीकडं गावांची यादी. तेव्हाचं आर फाइल वाचतानाच मजकुराचे फॅक्टर करून टाकायचं, म्हणजे प्रत्येक नावामागं एक क्रमांक. यादीतला तालुक्याचा कॉलम मी तसाच चौकटी कंसात टाकला. फॅक्टर कंसात गेला की आर नाव बघत नाही, त्यामागचा क्रमांक बघतं. इंग्रजी अक्षरक्रमात खानापूर सातवं. माझ्या व्हेक्टरमध्ये सातव्या जागी अथणी. झालं! मलप्रभा जिथं उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला कोरड्या अथणीचा पाऊस. एरर नाही, वॉर्निंग नाही. तक्ता छापून बैठकीत वाटला. खानापूरकडचे एक निवृत्त गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "मग आम्ही छत्र्या मोडीत घालाव्यात म्हणता?" सगळे हसले. मीही हसलो, कान मात्र तापले होते.

रात्री घरी कोड उघडला, तर कणकुंबीच्या आकड्यावर आरनं चक्क 'अथणी' लिहून दिलं होतं. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून शेवटच्या ओळीत नावं काढून टाकणारं अननेम लावून ते मीच पुसलं होतं.

मग नावांनी वाचवलं का? नाही. फॅक्टरचा परत मजकूर करणाऱ्या अ‍ॅज डॉट कॅरेक्टरनं वाचवलं असतं. "जॉइन करायचं ना सर," असं एक जुनी विद्यार्थिनी म्हणते, म्हणजे दोन तक्ते तालुक्याच्या नावावरून जोडायचे, तेही खरंच. नाव दोनदा आलं तर व्हेक्टर मुकाट पहिलाच आकडा देतो. सापडलं नाही तर एनए, म्हणजे आकडाच नाही. जुन्या शीटमध्ये बेलगाम, २०१४ नंतरच्या शीटमध्ये बेळगावी, आमच्या तोंडी बेळगाव: एनए बघून बघून डोळे गेले.

तरी सेटनेम्स लावतो. अननेम त्या रात्रीपासून सोडलं. गेल्या महिन्यात एकदाच लावलं, आलेख बरा दिसत नव्हता म्हणून.